चौथी बशी

आयर्लंडच्या जुन्या गेलिक कालगणनेत ३१ ऑक्टोबरची रात्र हा वर्षाचा सांधा होता. सुगी संपलेली असे, गुरे उन्हाळी कुरणांवरून घराजवळ परत आणलेली असत आणि १ नोव्हेंबरला ‘साउइन’ या नावाने ओळखला जाणारा हिवाळ्याचा पहिला दिवस उजाडे. जुने वर्ष सरलेले आणि नवे अजून सुरू न झालेले, अशा या मधल्या वेळेत जिवंत आणि मृत यांच्यातले अंतर उरत नाही, अशी लोकसमजूत होती. ख्रिस्ती धर्माने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरवला आणि आदल्या रात्रीला ‘हॅलो ईव्ह’, म्हणजे संतांच्या सणाची पूर्वसंध्या, हे नाव मिळाले. मात्र चर्चने दिलेल्या नावाखाली जुनी रात्र आपले काम करीतच राहिली. ते काम मुख्यतः कौल घेण्याचे होते. येत्या वर्षात कोणाचे लग्न होईल, कोण दूर जाईल, कोण उरणार नाही, हे विचारण्याची ती रात्र होती आणि विचारणारी बहुतेक मंडळी लग्नाच्या वयाची असत.

कौल घेण्याच्या रीती अनेक होत्या. दोन कवचीच्या फळांना एक मुलगा आणि एक मुलगी यांची नावे देऊन ती चुलीतल्या निखाऱ्यांजवळ ठेवीत. दोन्ही शेजारी शेजारी शांतपणे जळली तर जोडी जमणार, एखादे तडतडून उडाले तर फिसकटणार. बार्मब्रॅक नावाचा, बेदाणे-मनुका घातलेला गोड पाव या दिवशी घरोघर भाजला जाई आणि पिठात एक अंगठी दडवलेली असे; ज्याच्या कापात ती निघे, त्याचे लग्न वर्षाच्या आत होणार असे मानले जाई. काही घरांत अंगठीबरोबर दारिद्र्याची चिंधी किंवा संपत्तीचे नाणेही असे. याच रीतींपैकी एक बश्यांची होती. टेबलावर बश्या मांडून एकीत अंगठी, दुसरीत पाणी, तिसरीत प्रार्थनापुस्तक आणि चौथीत माती ठेवीत. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या व्यक्तीला टेबलाशी आणून बश्यांच्या जागा बदलीत आणि तिचा हात ज्या बशीवर पडेल तो तिचा कौल. अंगठी म्हणजे लग्न, पाणी म्हणजे बहुतेक ठिकाणी समुद्रापलीकडचा प्रवास, प्रार्थनापुस्तक म्हणजे कॉन्व्हेंटमधले धर्मभगिनीचे जीवन, आणि माती म्हणजे वर्ष संपण्याआधी मरण. स्कॉटलंडमध्ये याच खेळाचे एक भावंड होते. रॉबर्ट बर्न्स याने १७८५ मध्ये लिहिलेल्या ‘हॅलोईन’ या दीर्घ कवितेला स्वतःच टिपा जोडून तो खेळ समजावून सांगितला आहे: तिथे तीन भांडी असत, एकात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात गढूळ पाणी आणि तिसरे रिकामे, त्यावरून कुमारिकेशी लग्न, विधवेशी लग्न किंवा आजन्म अविवाहित राहणे, असे अर्थ काढीत. स्कॉटिश खेळात सगळे प्रश्न लग्नाभोवतीच फिरतात, मरणाला जागा नाही. आयरिश खेळाने मरणासाठी एक बशी राखून ठेवली, आणि उरलेल्या दोन बश्यांत लग्नाऐवजी जे काही घडू शकते त्याची सोय केली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आयर्लंड डोळ्यांसमोर ठेवला तर या चार बश्या खेळाच्या राहत नाहीत. त्या काळातल्या आयरिश स्त्रीला जितक्या वाटा उघड्या होत्या तितक्याच त्या भरतात. १८४५ ते १८४९ या काळात बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगातून महादुष्काळ आला आणि १८४१ च्या जनगणनेत ८० लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ४५ लाखांच्या आत आली. दुष्काळानंतर शेतजमिनीचे तुकडे न करता ती एकाच मुलाकडे सोपवण्याची पद्धत रुळली, त्यामुळे लग्ने उशिरा होऊ लागली किंवा होईनाशी झाली. १९११ मध्ये ४५ ते ५४ या वयाच्या आयरिश स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश अविवाहित होत्या. अंगठी अशी दुर्मीळ झाली. १८५१ ते १९११ या साठ वर्षांत सुमारे ४० लाख माणसे देश सोडून गेली आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते, जे युरोपातल्या इतर देशांच्या स्थलांतरात क्वचितच दिसते; न्यूयॉर्क आणि बोस्टनमधल्या घरांत मोलकरीण म्हणून राबणारी आयरिश मुलगी ही तिथल्या समाजाची ओळखीची व्यक्ती झाली. पाण्याच्या बशीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे. प्रार्थनापुस्तकाचीही गोष्ट तीच. १८०० च्या सुमारास आयर्लंडमध्ये जेमतेम १२० धर्मभगिनी होत्या, १८५१ मध्ये त्या सुमारे १५०० झाल्या आणि १९०१ मध्ये ८००० च्या वर गेल्या. लोकसंख्या निम्म्यावर येत असताना कॉन्व्हेंट भरत होते, कारण शिकलेल्या मुलीला शिक्षिका, परिचारिका किंवा संस्थाचालक होण्याची संधी देणारी जागा तीच होती. मातीबद्दल आकडे देण्याची गरज नाही.

आयरिश लेखक जेम्स जॉइस याने या खेळाभोवती जी कथा रचली, तिचे नाव आधी वेगळे होते. १९०४ च्या शरद ऋतूत आयर्लंड सोडून तो आणि त्याची सहचारिणी नोरा बार्नाकल एड्रियाटिक समुद्राकाठच्या पोला या गावी पोहोचले, आणि तिथल्या बर्लिट्झ शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता त्याने डब्लिनवरच्या कथा पुढे चालवल्या. ‘ख्रिसमस ईव्ह’ नावाची एक कथा त्याने अर्धवट सोडली, तिच्यातला सण बदलून ती ‘हॅलो ईव्ह’ या नावाने नव्याने लिहिली आणि १९०५ च्या जानेवारीत ती डब्लिनमध्ये राहणाऱ्या आपल्या धाकट्या भावाकडे, स्टॅनिस्लॉसकडे, पाठवली. पुढे तिचे नाव ‘क्ले’, म्हणजे माती, असे झाले. ग्रँट रिचर्ड्स या लंडनच्या प्रकाशकाने हा कथासंग्रह १९०६ मध्ये स्वीकारून नाकारला, डब्लिनच्या माँसेल कंपनीसाठी छापलेली पाने १९१२ मध्ये मुद्रकाने नष्ट केली आणि अखेर पुन्हा ग्रँट रिचर्ड्सनेच जून १९१४ मध्ये ‘डब्लिनर्स’ प्रसिद्ध केला. पंधरा कथांमध्ये ‘क्ले’ दहावी आहे. प्रकाशनाचा हा छळ अनेकदा सांगितला गेला आहे आणि या कथेपुरता तो गौण आहे. महत्त्वाचा आहे तो नावातला बदल. पहिल्या नावात रात्रीचा आणि रूढीचा उल्लेख होता, दुसऱ्या नावात त्या रूढीतल्या चार वस्तूंपैकी एकीचाच उल्लेख उरला. आणि ती वस्तू अशी की संपूर्ण कथेच्या मजकुरात तिचे नाव एकदाही येत नाही.

कथेत घडते ते फार थोडे. मारिया ही प्रौढ, बुटकी, अविवाहित स्त्री बॉल्सब्रिज या उपनगरातल्या एका धुलाईगृहात स्वयंपाकघराचे काम पाहते. हॅलो ईव्हच्या संध्याकाळी तिथल्या बायकांना चहा आणि बार्मब्रॅक वाढून ती ट्रामने शहराच्या मध्यावरच्या नेल्सन स्तंभापर्यंत येते, तिथे केक विकत घेते आणि दुसऱ्या ट्रामने ड्रमकॉन्ड्राला जो डोनेलीच्या घरी जाते. जो आणि त्याचा भाऊ आल्फी यांना लहानपणी तिनेच सांभाळलेले आहे, आणि आता ते दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. त्या घरी खेळ होतात, गाणे होते, आणि कथा संपते. ट्राममध्ये एका जाडजूड, थोड्या प्यायलेल्या गृहस्थाने तिला जागा करून दिल्यामुळे तिची धांदल उडते आणि मुद्दाम विकत घेतलेला प्लमकेक हरवतो, हीच त्यातल्या त्यात मोठी घटना.

धुलाईगृहाचे नाव मात्र नजरेआड करण्यासारखे नाही. ‘डब्लिन बाय लॅम्पलाइट’, म्हणजे दिव्यांच्या उजेडातले डब्लिन, या नावाची संस्था बॉल्सब्रिजमध्ये खरोखर होती आणि ती प्रॉटेस्टंट मंडळींनी चालवलेली होती. १९०६ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात जॉइसने तिच्या नावाचा अर्थ उलगडून सांगितला आहे: दिवे लागल्यावरचे डब्लिन हे वाईट आणि वाट चुकलेल्या बायकांचे शहर असते, असे त्या नावातून सुचवायचे होते, आणि ती संस्था मॅग्डलेन आश्रमाच्या जातीची होती. मॅग्डलेन आश्रम म्हणजे ज्यांना समाज ‘पतित’ म्हणत असे अशा स्त्रियांना ठेवून घेऊन त्यांच्याकडून बहुधा कपडे धुण्याचे काम करून घेणारी संस्था. आयर्लंडमधला पहिला आश्रम लेडी अ‍ॅराबेला डेनी यांनी १७६७ मध्ये डब्लिनच्या लीसन स्ट्रीटवर प्रॉटेस्टंट स्त्रियांसाठी काढला. पुढे कॅथलिक धर्मसंघांनी असे आश्रम मोठ्या प्रमाणावर चालवले, त्यांतला शेवटचा १९९६ मध्ये बंद झाला आणि २०१३ मध्ये आयरिश सरकारने तिथे राबवल्या गेलेल्या स्त्रियांची जाहीर माफी मागितली. मारिया स्वतः आश्रित नाही, नोकर आहे, कॅथलिक आहे, आणि भिंतींवरची प्रॉटेस्टंट उपदेशाची पत्रके तेवढी तिला आवडत नाहीत. घर मोडल्यावर तिला ही जागा त्या दोघा भावांनीच मिळवून दिली, ही गोष्ट कथेत एका वाक्यात येऊन जाते. ज्याने आपली खरी आई मारियाच असे म्हटलेले आहे, त्या जोने तिला स्वतःच्या घरात ठेवून न घेता पतितांच्या धुलाईगृहात लावून दिले, हे त्या वाक्याला स्वतःहून म्हणवत नाही; वाचकानेच ते म्हणायचे असते.

आधुनिकतावादी कथा, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी घटनेपेक्षा जाणिवेला आणि सांगण्यापेक्षा सुचवण्याला महत्त्व देणारी कथा, अर्थ कसा लपवते, ते इथे पाहता येते. ‘क्ले’ची निवेदनशैली मुक्त परोक्ष म्हणतात तशी आहे: निवेदन तृतीयपुरुषी असते, पण शब्द, विशेषणे आणि आवडनिवड त्या पात्राची असते, आणि दोघांमधली सीमा कोठेही आखलेली नसते. मारियाच्या जगात सगळे छान असते, सगळे तिच्याशी चांगलेच वागतात, बार्मब्रॅक सुबक कापलेले असतात आणि दुरून न कापल्यासारखे दिसतात. ते तिनेच कापलेले आहेत, ही माहितीही थोड्या अभिमानाने पुढे येते. धुलाईगृहातली लिझी फ्लेमिंग तिला यंदा अंगठी नक्की मिळणार म्हणते, आणि हे ती कित्येक हॅलो ईव्हना म्हणत आली आहे. मारिया हसते आणि आपल्याला अंगठीही नको आणि पुरुषही नको असे म्हणते, पण तिच्या डोळ्यांत त्या वेळी जे दिसते ते निवेदन दाखवून लगेच पुढे सरकते. हेन्री स्ट्रीटवरच्या दुकानातली मुलगी लग्नाचा केक हवा आहे का असे विचारते आणि मारिया लाजते. अंगठीची बशी अशी कथेत बश्या मांडण्याच्या किती तरी आधीपासून तिच्यापुढे येते आणि काढून घेतली जाते.

ड्रमकॉन्ड्राच्या घरात शेजारच्या मोठ्या मुली लहानांसाठी बश्यांचा खेळ मांडतात. मुलांपैकी एकाला प्रार्थनापुस्तक मिळते, तिघांना पाणी मिळते आणि शेजारच्या एका मुलीला अंगठी. मग हट्टाने मारियाला टेबलाशी नेतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात, आणि तिच्या बोटांना काही तरी मऊ, ओलसर लागते. क्षणभर कोणीच बोलत नाही, मग कुजबुज होते, बागेबद्दल काही तरी म्हटले जाते, जोची बायको शेजारच्या मुलींपैकी एकीवर रागावते आणि ते लगेच बाहेर टाकायला सांगते. मारियाला एवढेच कळते की ही खेप चुकली आणि पुन्हा करायची आहे. दुसऱ्या खेपेला तिला प्रार्थनापुस्तक मिळते, आणि वर्ष संपायच्या आत ती कॉन्व्हेंटमध्ये जाणार म्हणून तिची थट्टा होते.

या प्रसंगाकडे रूढीच्या इतिहासाच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते, जी प्रतीकांच्या शोधात सहसा निसटते. घरच्यांनी मंजूर केलेल्या खेळात माती नव्हतीच. मुलांच्या पाळीला तीनच वस्तूंचा उल्लेख येतो, आणि माती निघाल्यावर यजमानीण ती खेळात बसत नाही असे सांगून बाहेर टाकायला लावते. शहरातल्या कनिष्ठ मध्यमवर्गाने, ट्रामने जोडलेल्या नव्या उपनगरांत, पियानो, पोर्ट वाइन आणि मुलांच्या देखत, जुन्या खेळातली मरणाची बशी शिष्टाचाराला धरून काढून टाकली होती. शेजारच्या मुलींनी बागेतून आणलेली माती हा वात्रटपणा खराच, पण त्या वात्रटपणाने खेळ त्याच्या जुन्या, पूर्ण रूपात आणला. फसवणूक कोणी केली असेल तर ती मुलींनी नव्हे. कौल मान्य नाही म्हणून तो बदलून घेणाऱ्या मोठ्यांनी केली, आणि प्रेमाने केली.

लपवण्याची ही साखळी मग पुढे चालत राहते. मारियाला गाणे म्हणायला सांगतात आणि ती बाल्फ या आयरिश संगीतकाराच्या १८४३ मधल्या ‘द बोहेमियन गर्ल’ या ऑपेरातले त्या काळी घरोघर गायले जाणारे गीत म्हणते; दुसऱ्या कडव्याच्या वेळी तिच्या तोंडून पहिलेच कडवे पुन्हा येते. ते गीत ज्यांना पाठ होते त्यांना, म्हणजे १९१४ च्या बहुतेक वाचकांना, गाळलेल्या कडव्यात हात मागायला येणारे पुरुष आहेत हे माहीत होते. कथेतल्या मंडळींनाही ते माहीत आहे, आणि तिची चूक कोणी दाखवून देत नाही. जोचे डोळे भरून येतात, ते इतके की बाटलीचे बूच काढायचा स्क्रू त्याला सापडत नाही आणि बायकोला विचारावा लागतो. मातीबद्दल आणि गाण्याबद्दल घरातले मौन एकाच जातीचे आहे; निवेदनाने ते जसेच्या तसे उचलले आहे, आणि त्या मौनाच्या बाहेर पडणारा एकच शब्द शीर्षकाच्या जागी ठेवला आहे. जॉइसने नाव बदलले नसते तर काय झाले असते, याचा विचार इथे करून पाहावा: ‘हॅलो ईव्ह’ या नावाखाली आयरिश वाचकाला माती ओळखता आली असती, इतरांना ती केवळ एक घाणेरडी गंमत वाटली असती.

१९५० च्या दशकात अमेरिकन विद्यापीठांतून जॉइसचा अभ्यास भराला आला तेव्हा या कथेतले अर्थ उकरून काढण्याची अहमहमिका लागली. मार्विन मॅगलानर यांनी मारियाच्या नावावरून आणि तिच्या शांतता घडवून आणण्याच्या स्वभावावरून कुमारी मेरीकडे, आणि हसताना नाकाचे टोक हनुवटीला टेकू पाहते या पुन्हा पुन्हा येणाऱ्या वर्णनावरून हॅलो ईव्हच्या चेटकिणीकडे बोट दाखवले. आणखी काहींना तिच्यात दरिद्री वृद्धेच्या रूपातली आयर्लंड दिसली. या वाचनांना मजकुरात आधार नाही असे नाही. मेरी आणि चेटकीण एकाच शरीरात नांदू शकतात हे त्या रात्रीच्या दुहेरी, गेलिक-ख्रिस्ती स्वरूपाला शोभणारेही आहे. दुसऱ्या दिवशी मिस्साला जायचे म्हणून मारिया घड्याळाचा गजर सातऐवजी सहाला लावते, हा तपशील त्याच सांध्यावर बसतो. पण अशा वाचनात मारिया कोणा तरी दुसऱ्याची खूण होऊन जाते आणि ट्रामभाडे वजा जाता उरणाऱ्या पाच शिलिंगांचा हिशेब करणारी स्त्री मागे राहते. मार्गो नॉरिस यांनी १९८७ मध्ये केलेली मांडणी अधिक पटणारी आहे: डोळ्यांवरची पट्टी मारियाच्या इतकीच निवेदनाच्या आणि वाचकाच्याही डोळ्यांवर आहे, आणि कथेतली सगळी गोडवेल्हाळ भाषा ही स्वतःला क्षुद्र ठरू न देण्याची मारियाची धडपड आहे. त्या मांडणीला एवढेच जोडायचे की, पट्टी बांधण्याची क्रिया जॉइसने कल्पिलेली नव्हती. ती दर वर्षी एका ठरलेल्या रात्री हजारो घरांत खरोखर होत होती, आणि पट्टीखाली चाचपडणारा हात पाहून हसायची घरातल्यांना परवानगी होती.

रूढीची पुढची नोंद सरकारी कागदांत सापडते. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतल्या अकरा ते चौदा वर्षांच्या सुमारे ५०,००० मुलांना आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले वह्यांत उतरवून आणायला सांगितले. त्या वह्यांत हॅलो ईव्हच्या बश्या वारंवार भेटतात. कुठे तीन, कुठे चार, आणि माती बहुधा आहेच, कारण ही मुले खेड्यांतली होती आणि ड्रमकॉन्ड्राची रीत त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. आज आयर्लंडच्या दुकानांत ऑक्टोबर महिन्यात वेष्टनातला बार्मब्रॅक मिळतो आणि आत एक स्वस्त अंगठी असते. बाकीच्या बश्यांच्या वाटेला बेकरीवाले गेलेले नाहीत. ‘क्ले’ मात्र आता टिपांसह छापली जाते, आणि मारियाची बोटे त्या मऊ, ओलसर पदार्थाला लागतात नेमक्या त्याच ठिकाणी एक लहान आकडा असतो, जो वाचकाला पानाच्या तळाशी किंवा पुस्तकाच्या शेवटी नेऊन चारही बश्यांचे अर्थ सांगतो. १९१४ च्या डब्लिनकर वाचकाला जे आईच्या किंवा आजीच्या स्वयंपाकघरातून ठाऊक होते ते आता संपादक पुरवतात, आणि जोच्या बायकोने बाहेर टाकायला लावलेली माती ते दर आवृत्तीत आत आणून ठेवतात.